बंदूक घेण्याआधीची एक फेरी



आजचा विषय वरवर पाहिला तर आपला नाही. अमेरिकेतली राज्यं बंदुकीबद्दल वेगवेगळे कायदे करतात, त्याचा तिथल्या बंदूक खरेदीवर आणि लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, असा तो विषय आहे. बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत किंवा बंगळूरला बसून हे ऐकणारे तुम्ही म्हणाल, बाई, आमचा याच्याशी काय संबंध? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मी आयुष्यभर मेडिकल कॉलेजात सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवलं. पाणी, लसीकरण, साथी, बाळंतपणं, हे आमचे विषय. बंदूक हा पोलिसांचा विषय, असं मी धरून चालले होते.

मग एक दिवस माझ्या भाचीचा फोन आला. ती मिसूरी राज्यात, सेंट लुईस शहराजवळ राहते. तिचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. म्हणाली, "मावशी, याला शाळेतल्या एका मित्राच्या घरी खेळायला बोलावलंय. त्यांच्या घरी बंदूक आहे का, आणि असली तर कुलपात असते का, हे विचारायचंय. पण विचारू कसं? त्यांना वाईट नाही का वाटणार?"

मी तिला काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर मात्र लक्षात आलं की मला या विषयातलं काहीच ठाऊक नाही. मग वाचायला बसले. त्या वाचनातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी एक आकडा सांगते. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीमुळे ४८,८३० माणसं गेली. आता मनाशी एक अंदाज करा, यातले खून किती असतील? आपण बातम्या पाहतो त्या शाळेतल्या गोळीबाराच्या, टोळ्यांच्या, दरोड्यांच्या. म्हणून आपल्याला वाटतं की बहुतेक सगळे खूनच असणार. प्रत्यक्षात खून सुमारे २१ हजार होते आणि आत्महत्या २६ हजारांहून जास्त. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यूंमध्ये गोळी झाडणारा आणि गोळी लागलेला माणूस एकच होता. आणखी एक गोष्ट. २०२० पासून तिथे १ ते १९ वर्षं वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. वाहनांचे अपघात आणि कर्करोग तिच्या मागे आहेत.

आता राज्याराज्यांतला फरक पाहा. त्याच २०२१ साली मिसिसिपी राज्यात दर लाख लोकसंख्येमागे जवळजवळ ३४ माणसं बंदुकीने गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये ३.४. देश एक, राज्यघटना एक, चलन एक, आणि फरक दहापट. दहापट फरक दिसला की आमच्या विषयातला माणूस खुर्चीवरून उठतो. एका गावात कॉलरा आणि शेजारच्या गावात नाही, म्हटलं की पहिला प्रश्न असतो, विहिरी वेगळ्या आहेत का?

अर्थात एवढ्यावरून कायद्याला श्रेय देता येत नाही. मिसिसिपी गरीब आहे, ग्रामीण आहे, तिथे शिकारीची परंपरा आहे, घरोघरी बंदुका आहेत. मॅसॅच्युसेट्स श्रीमंत आहे, दवाखाने जवळ आहेत. दोन राज्यं शेजारी ठेवून तुलना केली तर कायद्याचा परिणाम कुठला आणि बाकीच्या गोष्टींचा कुठला, हे सांगता येत नाही. त्यासाठी एकाच राज्याचा 'कायद्याआधी' आणि 'कायद्यानंतर' असा हिशोब हवा. असा हिशोब अमेरिकेत दोन राज्यांनी, नकळत, करून ठेवला आहे. त्याकडे वळण्याआधी तिथली व्यवस्था थोडक्यात सांगते.

आपल्याकडे बंदुकीचा कायदा केंद्राचा आहे. १९५९ चा शस्त्र कायदा देशभर लागू आहे. परवाना हवा असेल तर जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडे अर्ज करायचा, पोलीस चौकशी करणार, कारण विचारणार. परवाना मिळालाच, तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. म्हणजे आपल्याकडे बंदूक बाळगणं ही सरकारने दिलेली सवलत आहे.

अमेरिकेत तो घटनेतला हक्क आहे. १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती तो हक्क सांगते, आणि हा हक्क एकेकट्या नागरिकाचा आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं. केंद्राचा कायदा आहे, पण तो पातळ आहे. १९९३ चा ब्रेडी कायदा घ्या. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१ साली हल्ला झाला, तेव्हा त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी डोक्यात गोळी लागून कायमचे जायबंदी झाले. त्यांच्या नावाचा हा कायदा. परवानाधारक दुकानदाराने बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका तपासायची, असं तो सांगतो. १९९८ पासून ही तपासणी संगणकावर होते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत उरकते. पण तुम्ही तुमची बंदूक शेजाऱ्याला विकली, किंवा जाहिरात पाहून आलेल्या अनोळखी माणसाला विकली, तर केंद्राचा कायदा तपासणीची सक्ती करत नाही. ही फट बुजवायची की नाही, हे राज्याने ठरवायचं. म्हणून पन्नास राज्यांत पन्नास तऱ्हा. माझी भाची जिथे राहते तिथून मिसिसिपी नदीचा पूल ओलांडला की इलिनॉय राज्य लागतं. तिथे बंदूक बाळगायला १९६८ पासून ओळखपत्र काढावं लागतं. अलीकडे मिसूरीत तसं काही नाही.

पण मिसूरीत पूर्वी होतं. आणि ही गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटली.

१९२१ पासून मिसूरीत कायदा होता की पिस्तूल विकत घ्यायचं असेल, मग ते दुकानातून घ्या की ओळखीच्या माणसाकडून, तर आधी आपल्या काउंटीच्या शेरीफकडे जायचं. शेरीफ म्हणजे तिथला जिल्ह्याचा पोलीसप्रमुख समजा. समोर उभं राहून अर्ज करायचा, तो तपासणार, आणि मग खरेदीचा परवाना. तो दाखवल्याशिवाय विक्री नाही. ८६ वर्षं हे चाललं. २००७ च्या ऑगस्टमध्ये राज्याने हा कायदा रद्द केला.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले डॅनियल वेबस्टर आणि त्यांचे सहकारी यांनी पुढे काय झालं ते तपासलं. त्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. कायदा रद्द झाल्यानंतरच्या काळात मिसूरीत बंदुकीने होणाऱ्या खुनांचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. त्याच काळात देशाचं प्रमाण घसरत होतं. बंदुकीशिवाय होणारे खून, म्हणजे चाकू, मारहाण वगैरे, मिसूरीत वाढले नाहीत. हा मुद्दा नीट लक्षात घ्या. लोक एकदम जास्त हिंसक झाले असते, तर चाकूचे खूनही वाढले असते. आणखी एक खूण सापडली. गुन्ह्यात वापरलेली बंदूक पोलिसांच्या हाती आली की ती दुकानातून कधी विकली गेली याचा माग काढतात. विक्रीनंतर अगदी थोड्या काळात गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकांचं प्रमाण मिसूरीत दुप्पट झालं. म्हणजे खरेदीपासून गुन्ह्यापर्यंतचा रस्ता आखूड झाला.

आता कनेक्टिकट. या राज्याने उलट केलं. १९९५ साली त्यांनी पिस्तूल घेण्याआधी परवाना सक्तीचा केला. अर्ज, बोटांचे ठसे, सुरक्षिततेचं प्रशिक्षण. पहिल्या दहा वर्षांत बंदुकीने होणारे खून, कायदा नसता तर जितके झाले असते त्यापेक्षा, सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले, असा अंदाज २०१५ च्या अभ्यासाने काढला. पुढे जास्त वर्षांची आकडेवारी घेऊन २०२० साली पुन्हा हिशोब झाला, तेव्हा हा अंदाज २८ टक्क्यांवर उतरला. मिसूरीचा मात्र वर गेला. आकडे बदलतात, आणि ते बदलले हे सांगायलाच हवं. दिशा मात्र बदलली नाही. एका राज्याने दार लावलं, तिथे मृत्यू कमी झाले. दुसऱ्याने दार उघडलं, तिथे वाढले. आत्महत्यांच्या बाबतीतही तीच दिशा दिसली.

मला प्रश्न पडला की एका परवान्याने असं काय होतं? ज्याला गुन्हाच करायचा आहे तो शेरीफकडे थोडाच जाणार?

बरोबर आहे, तो जाणार नाही. पण त्याच्यासाठी बंदूक आणणारा दुसरा कोणीतरी असतो. मैत्रीण, चुलतभाऊ, पैसे घेऊन काम करणारा एखादा पोरगा. त्याचा स्वतःचा पूर्वेतिहास स्वच्छ असतो, म्हणून दुकानातल्या तपासणीत तो सुटतो. बंदूक स्वतःच्या नावावर घेतो आणि दुसऱ्याच्या हातात देतो. दुकानदारासमोर एका कागदावर सही करणं त्याला सोपं असतं. तेच शेरीफच्या समोर उभं राहून, ठसे देऊन, स्वतःचं नाव नोंदवून करायचं म्हटलं की अशा माणसाचे पाय लटपटतात. त्या एका फेरीत बरेच जण गळतात. प्रामाणिक गिऱ्हाइकाला मात्र त्या फेरीचा थोडा त्रास होतो, एवढंच.

दुसरं कारण वेळेचं आहे. कॅलिफोर्नियात पिस्तूल खरेदीची नोंद राहते, म्हणून तिथे काही अभ्यास होऊ शकले. १९९९ सालच्या एका अभ्यासात दिसलं की पिस्तूल घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात खरेदीदारांमध्ये बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या ५७ पट होतं. सत्तावन पट! त्या राज्यात खरेदीनंतर बंदूक हातात येण्याआधी थांबावं लागत होतं, तरीही. याचा अर्थ काही माणसं बंदूक घेतात ती त्याच विचाराने. २०२० साली कॅलिफोर्नियाच्याच २ कोटी ६० लाख प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या होण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्या पुरुषांच्या जवळपास आठपट, आणि स्त्रियांमध्ये ३५ पट होतं.

इथे कुणीही म्हणेल की ज्याला मरायचंच आहे तो दुसरा मार्ग शोधेल. डॉक्टरी अनुभव असं सांगत नाही. आत्महत्येची तीव्र ऊर्मी बहुधा लाटेसारखी येते आणि ओसरते. प्रयत्नातून जी माणसं वाचतात, त्यांच्यातली दहापैकी जवळपास नऊ पुढे आत्महत्येने मरत नाहीत. पण बंदुकीच्या प्रयत्नात दहापैकी जवळपास नऊ वाचतच नाहीत. बाकी बहुतेक मार्गांत माणसाला परत फिरायला, कुणाला तरी हाक मारायला थोडा वेळ मिळतो. म्हणून काही राज्यांनी केलेली सक्तीची थांबण्याची मुदत महत्त्वाची ठरते. १९७० पासून २०१४ पर्यंतच्या राज्यवार कायद्यांचा अभ्यास २०१७ साली आला. अशा मुदतीमुळे बंदुकीने होणारे खून सुमारे १७ टक्क्यांनी घटतात, असं त्यात दिसलं. ही मुदत कुणाचीही बंदूक काढून घेत नाही. रागाच्या किंवा निराशेच्या दिवसात आणि बंदुकीत फक्त अंतर पाडते.

कायदा केला की सगळं सुधारतं, असं मात्र समजू नका. कॅलिफोर्नियाने १९९१ साली खासगी विक्रीतही तपासणी सक्तीची केली. पुढच्या दहा वर्षांचा अभ्यास झाला, तेव्हा खून आणि आत्महत्या, दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे नुसती संगणकावरची तपासणी आणि पोलिसांसमोर जाऊन काढलेला परवाना, यांत फरक आहे. कायद्याचं नाव काय यापेक्षा तो खरेदीच्या क्षणी प्रत्यक्षात काय करायला लावतो, हे पाहावं लागतं.

दुसरी अडचण आणखी विचित्र आहे. कायद्याची नुसती चर्चा झाली तरी खरेदी वाढते. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटच्याच न्यूटाउन गावात सँडी हूक शाळेत २० चिमुरडी मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. देश हादरला, कडक कायद्याची मागणी झाली, आणि 'उद्या मिळणार नाही' या भीतीने लोक दुकानांत धावले. त्या एका महिन्यात जवळपास २८ लाख तपासण्या झाल्या, तोवरचा विक्रम. एरवी विकल्या गेल्या असत्या त्यापेक्षा पुढच्या काही महिन्यांत सुमारे ३० लाख बंदुका जास्त विकल्या गेल्या, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्याच काळात बंदुकीच्या अपघाती मृत्यूंत सुमारे ६० ची भर पडली, आणि त्यांतली २० मुलं होती. मुलांना वाचवण्यासाठी सुरू झालेल्या चर्चेतून झालेली खरेदी आणखी वीस मुलांना भोवली. २०२० साली कोविड आणि अस्वस्थतेच्या काळात वर्षभरात ३ कोटी ९७ लाख तपासण्या झाल्या. प्रत्येक तपासणी म्हणजे एक विक्री नव्हे. पण देशात किती बंदुका विकल्या जातात, याची नोंदवही ठेवायलाच केंद्राला कायद्याने बंदी आहे, म्हणून अभ्यासक याच आकड्यावर भागवतात.

संशोधनाचीही अशीच कोंडी होती. १९९६ साली तिथल्या संसदेने अर्थसंकल्पात एक कलम घातलं की रोगनियंत्रण केंद्राने बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी पैसा वापरू नये. संशोधनाला थेट बंदी नव्हती, पण अधिकारी धास्तावले आणि वीसहून अधिक वर्षं या विषयाला सरकारी पैसा जवळपास आटला. २०२० च्या अर्थसंकल्पात अडीच कोटी डॉलर मिळाले, तेव्हा गाडं पुन्हा हललं. आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की बंदुकीचा कायदा घटनेत बसतो की नाही, हे देशाच्या इतिहासातली परंपरा पाहून ठरवायचं. कायद्याने किती जीव वाचतात, हा मुद्दा त्या मोजमापात धरला जात नाही. माझ्यासारखीला हे पचायला जड जातं. पण मिसूरीच्या खेड्यात ज्याच्या घरापासून पोलीस ठाणं चाळीस मिनिटांवर आहे, त्याची बाजूही आहे. रात्री दार ठोठावलं तर मी कुणाकडे पाहू, असं तो विचारतो. त्याला मूर्ख ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. शेरीफकडची ती फेरी त्याच्या हातातली बंदूक काढून घेत नव्हती, हे मात्र त्याला सांगता येतं.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडे बंदूक नाही, पण शेताच्या कोपऱ्यातल्या खोलीत कीटकनाशकाचा डबा असतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून सर्वात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. कर्ज, दुःख, भांडणं तिथेही संपली नव्हती. त्या वाईट घटकेला हाताशी असलेली वस्तू तेवढी जीवघेणी राहिली नव्हती. मिसूरीच्या शेरीफचं कार्यालय आणि आपल्या गोठ्याशेजारची कुलूप लावलेली पेटी, दोन्हींचं काम एकच आहे.

शेवटी भाचीची गोष्ट पुरी करते. मी तिला पुन्हा फोन केला. म्हटलं, तिथले बालरोगतज्ज्ञच सांगतात की मूल दुसऱ्याच्या घरी पाठवण्याआधी हा प्रश्न विचारा. 'याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे', 'तुमच्याकडे कुत्रा आहे का' हे विचारतेस ना, त्याच ओळीत हेही विचार. तिने विचारलं. त्या घरच्या आईने सांगितलं, "हो, आहे. तिजोरीत असते, गोळ्या वेगळ्या ठेवतो. बरं झालं विचारलंत." मुलगा खेळायला गेला. काही महिन्यांनी दुसऱ्या एका घरी विचारलं, तेव्हा "नवऱ्याला विचारून सांगते" असं उत्तर आलं आणि मग काहीच आलं नाही. भाचीने त्या मुलालाच आपल्या घरी जेवायला बोलावलं. कुलपाची सक्ती करणारे कायदे कित्येक राज्यांत आहेत, कित्येकांत नाहीत. जिथे आहेत तिथे मुलांचे अपघात आणि आत्महत्या कमी होतात, असा पुरावा आहे. जिथे नाहीत, तिथे आईवडिलांनी हे विचारून घ्यावं लागतं.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं, नातवंडं तिकडे आहेत. पुढच्या फोनवर हवामान आणि जेवणाबरोबर हेही विचारा. आणि ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी आज तो डबा कुठे आहे ते पाहा. किल्ली एका शहाण्या माणसाकडे ठेवा.

हे ऐकताना कुणाच्या मनात स्वतःबद्दल काही काळं येत असेल, तर भारतात १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर आणि अमेरिकेत ९८८ वर फोन करा. रात्री-अपरात्रीही तिथे कुणीतरी बोलायला असतं.